तानूबाईंची शुश्रूषा

राजाजीनगरच्या त्या गल्लीत कुणी अंथरूण धरलं की आधी तानूबाईंना निरोप जायचा. नवरा गेल्यावर त्या निपाणीहून धाकट्या भावाकडे, सूर्यकांतकडे राहायला आल्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची बाळंतपणं, टायफॉइड, मोडलेले पाय त्यांनी निगुतीने निस्तरले. आजाऱ्याने हलायचं नाही, बाकी सगळं त्या बघतील, एवढंच त्यांचं शास्त्र. त्याचा त्यांना गर्व होता, आणि तो खोटा नव्हता.

सूर्यकांत दुकानांच्या पाट्या रंगवायचा. शिडीवर उभं राहून, दिवसभर हात डोक्याच्या वर. त्यात साखरेचा आजार. पन्नाशीत उजवा खांदा असा आखडला की ब्रश बरगडीच्या वर जाईना. वर्षभर गोळ्या, इंजेक्शनं, शेक झाले. शेवटी डॉक्टरांनी दुर्बिणीतून ऑपरेशन करून सांध्याभोवतीचं आवळलेलं आवरण मोकळं केलं.

"हात उद्यापासून वर न्यायचा," डॉक्टर म्हणाले. "दुखेल, तरी थांबायचं नाही. थांबलात तर आत पुन्हा आवळेल."

तानूबाईंनी हे ऐकलं. पण डॉक्टर बोलायचं म्हणून बोलतात, घरी माणूस आपल्यालाच सांभाळावा लागतो, ही त्यांची जुनी खात्री.

तिसऱ्या दिवशी व्यायाम करून घ्यायला संहिता नावाची पुण्याची मुलगी आली. तिने हात वर नेला तसा सूर्यकांत असा ओरडला की शेजारचे मल्लाप्पा धावत आले. तानूबाईंनी मुलीचा हात झटकला.

"कापलेली जागा ओढतात का गं कुणी? स्वल्प दम धर. टाके तरी सुकू देत."

"आजी, आत्ताच न्यायला हवा. नंतर जाणारच नाही."

"सरी, सरी," तानूबाई कानडीत 'बरं, बरं' म्हणाल्या. "बोलावू आम्ही."

तिचे नंतर दोन फोन आले. दोन्ही वेळा तानूबाईंनी तो झोपलाय म्हणून सांगितलं. जुन्या लुगड्याच्या मऊ झोळीत त्यांनी त्याचा हात बांधला, त्याला आपल्या हाताने भरवलं, न्हाऊ घातलं. सूर्यकांतलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगा! दुखणं पळालं म्हणून त्या देवळात चारचौघींना सांगत होत्या.

सहा आठवड्यांनी झोळी सोडली. हात छातीपर्यंतही आला नाही.

डॉक्टरांनी कोपर धरून हात उचलून पाहिला. त्याच्याबरोबर अख्खा खांदाच वर आला.

"पुन्हा गोठलाय. साखर एवढी असताना दुसऱ्या ऑपरेशनची खात्री मी देणार नाही. शिडीचं काम आता विसरा. व्यायाम का नाही केला?"

तानूबाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात सूर्यकांतने डाव्या हाताने त्यांचं मनगट दाबलं.

"आळस केला, सर."

डॉक्टरांनी त्याला झाडझाड झाडलं. बेजबाबदार म्हटलं, लहान मुलाला म्हणावं तसं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. कुणापुढे कधी न दबलेल्या तानूबाई शेजारी बसून राहिल्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांना स्वतःची शरम वाटली.

रिक्षात बसल्यावर त्या म्हणाल्या, "मी बोलायला हवं होतं रे."

"कशाला, अक्का? तो डॉक्टर संध्याकाळपर्यंत विसरेल. तू जन्मभर मनात धरून बसली असतीस."

ते तर त्या तशाही धरून बसणार होत्या. पण तसं त्याला सांगायचा धीर त्यांना झाला नाही.