साडूचे लॉग आणि सासूबाईंची मासोळी

गोंदिया जिल्ह्यात हेवा करण्याजोगा माणूस एकच आहे आणि तो नेमका माझा धाकटा साडू निघाला. आम्ही दोघंही गोंदियातल्या एका राईस मिलवाल्या कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात. वयानं मी मोठा, नोकरीत मी जुना, सासरी मोठा जावईही मीच. पण कंपनीचे मेल, चॅट आणि मीटिंगा ज्या सर्व्हरवर चालतात, तो मात्र याच्या ताब्यात. याला वेड एकच, लॉग कुठे ठेवायचे. कोण आलं, कोण गेलं, कुठे अडलं हे सर्व्हर दिवसभर स्वतःच टिपून ठेवत असतो, ते लॉग. ते सर्व्हरच्याच डिस्कवर साठत गेले की जागा संपते आणि सर्व्हरचा श्वास कोंडतो. म्हणून हा लॉगला वेगळी डिस्क नेमून देतो. "धान आन कोंढा एकाच ढोलीत भरते का कोनी, भाऊजी?" असं त्यानं साहेबांसमोर मला विचारलं, आणि साहेब माझ्याकडे पाहून हसले. ते हसू मी अजून विसरलेलो नाही.

हे वेड ऑफिसात राहिलं असतं तर मी सहन केलं असतं. आम्ही सहकुटुंब नागझिऱ्याला गेलो. वाघीण समोर आली, सगळे श्वास रोखून बसले, आणि हा गाईडला हळूच विचारतो, "वाघ दिसल्याची नोंद कुठी ठेवता जी? तिकिटाच्याच कपाटात?" वेगळं कपाट का हवं हे पटवून देईस्तोवर वाघीण निघून गेली. दुसरा असता तर गाईडनं जिप्सीतून उतरवला असता. याचा मात्र त्यानं मोबाईल नंबर मागून घेतला. माझा नंबर आजवर फक्त बँकेनं मागितला आहे.

पण खरं दुखणं नवेगावबांधला, आमच्या सासुरवाडीत. तळ्यातली मोठी मासोळी शिजली की मधला तुकडा मोठ्या जावयाचा, ही तिथली रीत. यानं सासूबाईंच्या स्वयंपाकघरात मसाले एकीकडे, राख-सरपण दुसरीकडे अशी मांडणी करून दिली आणि तुकडा सरकला. "लहाने जवाई लय हुशार हायेत," असं म्हणत सासूबाई तो त्याच्या ताटात वाढत आणि मी शेपटीकडचे काटे काढत बसे. बायको म्हणायची, "एका तुकड्यासाठी कायले तोंड पाडून राहिले?" तुकडा नव्हे, मान गेला होता, पण हे तिला सांगायचं कसं?

मग धानखरेदीच्या दिवसांत, साहेबांची सगळ्या गिरण्यांशी मीटिंग चालू असताना सर्व्हर बसला. माझ्या मनात उकळ्या फुटल्या. आधल्याच आठवड्यात यानं मीटिंगांचे लॉगही नव्या डिस्कवर वळवले होते आणि तिथली जागा पुन्हा पुन्हा तपासत हा घामाघूम झाला होता. सर्व्हरची स्वतःची जुनी डिस्क मी उघडली. नवी जागा सांगितली की नवे लॉग तिकडे जातात. जुने मात्र होते तिथेच राहतात, ते हातानं उचलून न्यावे लागतात. तेच हा विसरला होता आणि उरलीसुरली जागा रोजच्या कामानं संपली होती. ढीग हलवला, सर्व्हर सुरू झाला. मी टोमणा जुळवतच होतो, तोच हा साहेबांना म्हणाला, "चूक माही होती जी. भाऊजीनं पकडली." त्या रविवारी सासुरवाडीत यानं तीच गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली, आणि तुकडा वाढलेलं आपलं ताट उचलून माझ्यासमोर ठेवलं. अशा माणसावर नीट जळताही येत नाही.

आता तो पुण्याला मोठ्या नोकरीवर गेला आहे. सर्व्हर माझ्याकडे आहे. गेल्या रविवारी सासूबाईंनी मधला तुकडा काढला, त्याच्या रिकाम्या पाटाकडे नेला आणि तिथेच थांबल्या. "हात तिकडंच जाते," त्या म्हणाल्या आणि तुकडा माझ्या ताटात वाढला. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जळलो तो तुकडा समोर होता आणि मी नुसता भात कालवत होतो. माझ्यासाठी कधी कोणाचा हात असा चुकेल का, असा हेवाही वाटला, खोटं कशाला बोलू. मग मी तुकड्याचे दोन भाग केले आणि एक ताटाच्या कडेला, त्याच्या नावानं वेगळा ठेवला.