खरवडलेला नंबर

अकोटच्या बसस्टँडमागे माझ्या दुकानासमोरच एका बाईचं दुकान आहे. मी शेतातल्या पंपाचे मोबाईलवर चालणारे स्टार्टर विकतो, ती बिघडलेले दुरुस्त करते. नापिकीच्या या वर्षांत नवा कोण घेणार? दुरुस्ती बाहेर होऊ नये म्हणून कंपनी आतल्या चिपवरचा नंबर खरवडूनच पाठवते; नंबर कळला नाही तर बदलायला तशी चिप बाजारात मागता येत नाही.

ती वायर जोडते, लॅपटॉपवर चिपशी थेट बोलायची 'डिबग' खिडकी उघडते आणि कमांड टाकताना पुटपुटते, "बोल बेटा, कोन हायेस तू?" चिप आपला नंबर स्वतःच सांगते. मग बारीक ब्रशने ती तो चिपवर पुन्हा लिहिते. गरज नसते, तरी लिहितेच.

एकदा कंपनीचा साहेब तिच्या दुकानात आला. "हा नंबर आमचं गुपित आहे. तुम्हाला सांगितला कोणी?"

"जिचा नंबर तिलेच विचारला. तिनं सांगतला."

दुकान बंद पाडायची धमकी देऊन तो गेला. तिने मोठा ब्रश घेतला आणि रस्त्याकडच्या भिंतीवर तोच नंबर हातभर अक्षरांत लिहिला.

"पावसात पुसून जाईल," मी म्हणालो, जरा आशेनेच.

तिने वळूनही पाहिलं नाही. "ऑइल पेंट हाय, दादा."