काळ्या पाण्यापलीकडचा तांडेल

पालघरला कचेरीबाहेर मी अर्ज लिहितो. माझे शिक्षण नववीत थांबले. तथापि वकीलही कधीकधी माझ्याकडून वाक्ये सुधारून घेतात, हे येथे नमूद करणे अस्थानी होणार नाही. माझा एक नियम आहे. अर्ज पूर्ण झाला की एकही शब्द न गाळता तो अर्जदारास वाचून दाखवायचा. मगच अंगठा घ्यायचा.

तारापूरकडची एक मासे विकणारी बाई दर मंगळवारी माझ्याकडे येते. तिचा नवरा बोट चालविणारा तांडेल. मासे धरताना बोट सागरी हद्द ओलांडून गेली आणि तो परदेशच्या तुरुंगात अडकला. त्याच्या सुटकेसाठी मी लिहिलेल्या प्रत्येक अर्जास एकच उत्तर येते: अर्ज पुढे पाठविला आहे.

एका मंगळवारी ती आली तेव्हा मी एक जुनी कादंबरी पुन्हा वाचीत होतो. अणुवीज केंद्राच्या वसाहतीतून बदली होऊन गेलेल्या एका कुटुंबाच्या रद्दीत ती मला तरुणपणी बोईसरला मिळाली होती. तीत विज्ञान आहे आणि जादूही आहे. एक यान ताऱ्यांकडे निघते, वाटेत काळ्या पाण्याची हद्द लागते आणि तेथील यक्षीण यानप्रमुखाला अडकवून ठेवते.

“यानप्रमुख म्हंजे तांडेलच ना, भाऊ?”

“तसेच समजा.”

“सुटतो का तो?”

“सुटतो. घरी येतो,” मी अधिकाराने सांगितले. मला तेवढेच आठवत होते.

“मंग वाचून दाखवा. तुमचाच नेम हाय.”

तेव्हापासून आधी अर्ज, मग कादंबरी, असा क्रम पडला. सुक्या बोंबलांची टोपली पायाशी ठेवून ती ऐकत असे.

“त्या यक्षिणीलाबी तुमी अर्ज लिवला असता,” ती एकदा म्हणाली. “तिनंबी पुढं पाठवला असता.”

शेवटचे प्रकरण मी आधी घरी वाचून पाहिले. यानप्रमुख परततो खरा. परंतु यक्षिणीच्या पाण्यात काळ थबकलेला असतो. त्याचे केस काळेच राहतात आणि दारात काठीवर टेकलेली म्हातारी उभी असते, ती त्याची बायको. विशीत या कल्पनेचे मला कोण कौतुक वाटले होते. आता पुस्तक मिटले, पुन्हा उघडले. ओळी त्याच होत्या.

मंगळवारी ते पान गाळावे असे फार वाटले. ती उरलेल्या पानांच्या जाडीकडे पाहत होती. मी सगळे वाचले.

बराच वेळ ती टोपलीवरचे फडके सारखे करीत राहिली.

“म्हातारीनं वलखला त्याला?”

“ओळखला.”

“आन् त्यानं?”

मी मागची पाने पुन्हा चाळली. “तसे लिहिलेले नाही.”

“मंग अर्जात लिवा,” ती म्हणाली. “मी त्याला वलखू येतेय तवर सोडा त्याला म्हनून.”

या कारणास कोणत्याही कलमाचा आधार नाही, हे मी जाणत होतो. तरी तिच्याच शब्दांत लिहिले, वाचून दाखविले, अंगठा घेतला. लिफाफ्यावर पत्ता मात्र नेहमीचाच घातला. दुसरा मला ठाऊक नव्हता.