आक्कानं सांगितलेलं आभाळ

सकाळी नातू मोबाइल पाहून म्हणाला, "आजी, आठवडाभर पाऊस नाही, नुसतं ऊन." आणि मला निजामाच्या राज्यातला एक चैत्र आठवला. सेनगावकडच्या डोंगरातलं आमचं अंगण. मोहाच्या फुलांचा वास सुटला होता, बैलगाडी जुंपलेली होती. माझी मोठी बहीण आक्का सासरी निघाली होती.

"आबा, डोंगरावर आभाळ येऊन राहिलं. उद्या जाऊ," ती वडलांना म्हणाली.

आबा हसले. "कुठं हाय आभाळ, लेकरा? बैस गाडीत."

खरंच, ढगाचा ठिपकाही नव्हता. आईकडे बघत आक्का गाडीत चढली.

ज्येष्ठात ती तापानं वारल्याचा सांगावा आला. आबा ओसरीवर बसले होते. "एक दिवस ठेवून घ्यायचं होतं," एवढंच म्हणाले. पोरीनं आभाळ काहून सांगितलं, ते त्यांना कळलं होतं. मला कळायला माझं लग्न व्हावं लागलं.