रक्तातला ताण

प्रयोगशाळेत नमुने साठतात तसे किस्सेही साठतात. नमुने फ्रीजरमध्ये टिकतात. किस्से मात्र कुणाला तरी सांगावे लागतात.

सोलापुरातल्या एका मेडिकल कॉलेजात मी मधुमेहावर पीएचडी करत होते. रक्तातल्या ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसच्या खुणा मोजायच्या, म्हणजे शरीरातल्या पेशींची किती झीज होतेय ते बघायचं. पेशंटला हे कसं सांगणार? मी सोपं करून म्हणायचे, "रक्तातला ताण मोजतो." तिथून सगळं सुरू झालं.

एक बाई रिपोर्ट हातात घेऊन परत आल्या. म्हणाल्या, "ह्यात सासूचा किती आन् पोरांचा किती, ते येगळं लिवून द्या की."

*

जेऊरच्या एका काकांना फोनवर बजावलं होतं, उपाशी पोटी या. त्यांचं रक्त मशीनमध्ये फिरवून बघते, तर वरचं पाणी दुधासारखं पांढरं.

"काका, काही खाल्लंत का?"

"न्हाय ओ. तुमीच सांगितला न्हवं का उपास."

"म्हणजे काहीच नाही?"

"निसती साबुदाण्याची खिचडी. तुपातली."

*

आमच्या तपासणीत नळी उकळली की गुलाबी रंग येतो. रंग जितका गडद, तितकी झीज जास्त. एका धडधाकट मावशींची नळी भलतीच गडद निघाली. आमचे टेक्निशियन रफिकभाई अदबीनं म्हणाले, "मावशी, तंबाखू वगैरे?"

"हात न्हाय लावत मी तंबाखूला," असं म्हणत मावशींनी कमरेची डबी चाचपली. "भाजून मिश्री तेवढी लावते. दातासाठी."

रफिकभाईंनी नळीकडे पाहिलं, मग मावशींकडे. "दात मात्र लई चांगले हैत हां, मावशी."

*

करकंबचं एक जोडपं होतं. काकू मधुमेही, काका ठणठणीत, म्हणून तुलनेसाठी दोघांचंही रक्त घेतलं. सुई टोचून घेताना काका मला सांगत होते, "हिला किती येळा सांगितलं, तोंडाला आवर घाल. मला बगा, साखरंचा च्या पितो, हाय का काय?"

झीज काकांचीच जास्त निघाली. शंका आली म्हणून त्यांची साखर तपासली, पुन्हा तपासली. दोन्ही वेळा चढलेली. दोघांना बोलावून मी हळूच सांगितलं.

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिची कड चाचपत बसले. मग म्हणाले, "मला? मला कसा काय?"

काकूंनी ती टोपी घेतली, झटकली आणि त्यांच्या डोक्यावर नीट बसवली.

"चला," त्या म्हणाल्या, "आता चहाला दोन पातेली नकोत."