काकांनी बुजवलेलं भोक

आमचे काका गवंडी. चुन्याच्या गिलाव्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, हे ते स्वतःच येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात. मीही ऐकवते, कारण ते खरं आहे.

गोऱ्या साहेबांच्या राज्यात बांधलेला जुना बंगला जतन करायचं ठरलं, तेव्हा भिंतींचं काम काकांकडे आलं. उंच छत, झडपांच्या खिडक्या, चारी बाजूंनी व्हरांडा. काकांनी प्रत्येक भेग, प्रत्येक भोक असं बुजवलं की काकू म्हणाल्या, "कुठे काय बिघडलं होतं, ते भिंतसुद्धा विसरली असेल!"

उद्घाटन तोंडावर आलं आणि आर्किटेक्ट बाई कुठून तरी एक जुना फोटो घेऊन आल्या. दिवाणखान्याच्या छताला लांबलचक कापडी पंखा, आणि त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर गेलेली. व्हरांड्यात बसून एक माणूस दिवसभर ती ओढायचा.

"काका, ते भोक कुठंय?"

काकांचा चेहरा पडला. "बुजवलं की हो मी!"

आणि इतकं बेमालूम बुजवलं होतं की आता त्यांनाच सापडेना. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "अंदाजाने नवं पाडू."

"अजिबात नाही." काकांचा आवाज चढला. "एवढ्या मोठ्या बंगल्यात त्या माणसाची तेवढीच खूण. तीही खोटी करायची?"

त्यांनी सगळी भिंत ओली केली आणि समोर फतकल मारून बसले. जुना गिलावा लवकर सुकतो, नवा ओल धरून राहतो. दुपारपर्यंत भिंत पांढरी झाली, बुजवलेल्या बारीक भेगाही सुकल्या; खोलवर भरलेला पेल्याएवढा एक गोल डाग तेवढा ओला राहिला. काकांनी स्वतःच छिन्नी लावली. आपलं इतकं देखणं काम ते फोडत होते, आणि मला त्यांचा फार अभिमान वाटला.

काकांच्या गिलाव्यामागे पूर्वी कुणीतरी कोंबलेली माती निघाली. मग बाहेरच्या बाजूची दगडी कड लागली, दोरीने घासून खोलगट आणि गुळगुळीत झालेली. काका कितीतरी वेळ तिच्यावर बोट फिरवत राहिले.

उद्घाटनाला आलेले प्रमुख पाहुणे भिंतींवरून हात फिरवत म्हणाले, "वा! काय गिलावा आहे!"

काकांनी त्यांचा दंड धरला आणि त्यांना थेट व्हरांड्यात नेलं.

"गिलावा माझा," ते म्हणाले. "पण आधी हा दगड बघा. हे पंखा ओढणाऱ्याचं काम."