विमानवाल्याचं पाणी

भूतबीत मी मानत नाही. आमचं घर बौद्ध, त्यात मी लातूरला शाळेत विज्ञान शिकवते. कुणाच्या अंगात आलं की "थर्मामीटर आणू का?" विचारणारी बाई मी! तरी हे लिहायला बसलेय...

आमचं गाव भोकरकडचं. मागच्या डोंगरात निजामाच्या काळात एक विमान पडलं होतं. पत्रा भंगारवाल्यांनी कधीच नेला, सागाच्या झाडांत इंजिनाचा गंजका गोळा तेवढा उरलाय. तिथं सगळ्यात आधी पोचले ते पप्पांचे आजोबा. पायलट जिवंत होता, ओंजळ पुढे करून पाणी मागत होता. आजोबांच्या खांद्याला पाण्यानं भरलेला भोपळा होता. पण आपल्या हातचं याला चालेल का, या धास्तीनं ते वरच्या आळीतलं कुणीतरी आणायला गावाकडे पळाले. परत येईपर्यंत तो गेला होता. आजोबांच्या मनातून ते मरेपर्यंत गेलं नाही.

यंदा उन्हाळ्यात पप्पा म्हणाले, "गुडघे चालून राहिले तवर एकदा त्याला पानी नेऊन देऊ."

म्हाताऱ्याचं मन मोडवेना, म्हणून गेले. वर भर दुपारी एक पान हलत नव्हतं, पाखराचा आवाज नाही. पप्पांनी स्टँडवर घेतलेली सीलबंद बाटली इंजिनापाशी ठेवली.

"सील तरी तोडा. कसा पिणार तो?" मी चेष्टा केली.

"न्हाई. आपला हात नगं लागाया पान्याला."

माझं डोकंच फिरलं. अजून हेच? मी घरून भरून आणलेली बाटली काढली, झाकण उघडलं आणि इंजिनापुढे धरली. "घे. आमच्या माठातलं आहे."

...आणि बाटली हलकी होऊ लागली. माझ्या हातात! खाली थेंब नाही. घटाघट गिळल्याचा आवाज मात्र स्पष्ट. बोटं गार पडली, सोडावी म्हटलं तर सुटेनात. रिकामी झाली तेव्हाच सुटली.

सीलबंद बाटली जशीच्या तशी होती. पप्पा रडत होते. "घेतलं गं पोरी! आपल्या हातचं घेतलं. लई बरं झालं."

उतरताना पप्पा पुढे होते आणि माझ्या मागे वाळलेली पानं वाजत होती. मी वळून पाहिलं नाही.

पप्पा आता शांत झोपतात, म्हणून त्यांना पुढचं सांगितलेलं नाही. इथं लातूरला उशाशी झाकून ठेवलेला तांब्या रोज सकाळी कोरडा असतो. कारण मला सापडलेलं नाही. एखाद्या रात्री न भरता ठेवून बघावं, असं विज्ञान सांगतं... पण माझी हिंमत होत नाही.